शेवटचा रकाना

त्या विद्यापीठात कोवळा चेहरा सहसा दिसत नसे. नोकरीला लागलेल्या, संसारात पडलेल्या माणसांसाठीच सरकारनं ते काढलं होतं. पुढची पदवी घ्यायची, नाहीतर आपल्याच कामातलं काही नवं शिकायचं, तर इथं यायचं. दिवसभर इमारत सुस्त पडलेली असे. संध्याकाळी साडेपाच वाजले की फाटकातून माणसं आत येऊ लागत. हातात हेल्मेट धरलेला अभियंता, बाहीला खडू लागलेली शिक्षिका, दुपारचा डबा अजून न उघडलेली औषधांच्या दुकानातली बाई. पहिल्या तासाला निम्मा वर्ग डोळे उघडे ठेवण्याच्या खटपटीत असे. एक प्राध्यापक म्हणायचे, "इथं पेंगणाऱ्याला मी उठवत नाही. तो दमून आलाय, कंटाळून नाही."

या इमारतीच्या तळमजल्यावर, जिना ओलांडून डावीकडे वळलं की प्रबंध कक्ष होता, आणि तिथल्या खिडकीमागे समासबाई बसत.

हे नाव त्यांना कधी पडलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. नव्या माणसाला वाटे, बाई व्याकरण शिकवत असणार, द्वंद्व आणि बहुव्रीही. पण त्यांचा समास तो नव्हे. त्यांचा समास कागदाच्या कडेचा. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेला प्रबंध परीक्षकांकडे जाण्याआधी या खिडकीतून जायचा. डावीकडे चार सेंटिमीटर कोरी जागा, बाकी तिन्ही बाजूंना अडीच. ओळींमधलं अंतर दीडपट. पानाचा आकडा खाली मध्यभागी. संदर्भसूचीत आडनावानंतर स्वल्पविराम. बाई पोलादी पट्टी घेऊन बसत. पट्टी ठेवायची, पान उलटायचं, पट्टी ठेवायची. सगळं जुळलं तर हिरवा शिक्का, नाहीतर प्रबंध परत.

त्या खाष्ट नव्हत्या. कुणाचं पान सुटलं असेल तर स्वतःजवळचा डिंक देत, घामाघूम होऊन आलेल्याला आधी पाणी देत, मग पट्टी उचलत. त्यांचं म्हणणं एवढंच की माणसानं सहा-सहा वर्षं रात्रीचा दिवस केला, तर त्याचं पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवर ताठ उभं राहिलं पाहिजे. गबाळं दिसता कामा नये. घरीही चादर दोन्ही बाजूंनी सारखी लोंबली नाही तर त्यांना चैन पडत नसे. त्यांचे यजमान आरेखक होते, नकाशे काढण्यात हयात गेलेली, म्हणजे तेही काही कमी नव्हते. पण ते चेष्टा करत.

"एवढे प्रबंध तुझ्या हाताखालून गेले. एखादा वाचलास का गं कधी?"

"वाचायचं काम परीक्षकांचं," बाई म्हणत. "मी वाचत बसले तर मोजणार कोण?"

यावर यजमान हसत आणि विषय तिथंच संपे. त्या हसण्यात आपणही हसत होतो, हे बाईंना पुढं फार लागलं.

ती सिस्टर पहिल्यांदा खिडकीशी आली तेव्हा बाईंच्या नोकरीला सोळा वर्षं झाली होती. सरकारी रुग्णालयातल्या जळीत विभागात, मुलांच्या वॉर्डात ती काम करत होती. पन्नाशी उलटलेली, उंच, खांदे जरा पुढं झुकलेले. हात सतत धुवून धुवून पांढुरके पडलेले. प्रबंधाचा विषय होता भाजलेल्या मुलांची पट्टी बदलताना त्यांचा त्रास कमी कसा करावा. तो विषय बाईंनी मुखपृष्ठावर वाचला, तेवढाच. आत ओळींमधलं अंतर कमी होतं. परत.

दोन महिन्यांनी सिस्टर पुन्हा आली. आता अंतर बरोबर होतं, पण संदर्भसूची चुकली होती आणि मधली सतरा पानं उजव्या समासात घुसली होती. त्या पानांवर तक्ते होते. मुलाचं वय, जखम कुठं, पट्टी भिजवली किती वेळ, सोडवायला लागला किती वेळ, असे रकाने. शेवटचा रकाना रुंद होता आणि तोच कडेला जाऊन भिडत होता.

"पान आडवं घेतलं तर चालेल का?" सिस्टरनं विचारलं.

"नियमात नाही बसत. आडवं पान बांधणीत उलटं येतं." बाईंनी पट्टी त्या रकान्यावर ठेवली. "हा शेवटचा रकाना काढून टाका ना. बाकी सगळं छान बसेल."

"तोच तर..." सिस्टर म्हणाली आणि थांबली. मग, "बघते," असं म्हणून तिन्ही प्रती पिशवीत भरून निघून गेली.

तोच तर काय, हे बाईंनी विचारलं नाही. मागं रांग होती.

मधे एक गोष्ट घडली. एका अभियंत्याच्या प्रबंधात पानांचे आकडे चुकले होते. त्याची मुदत संपत होती म्हणून बाईंनी त्याला सवलत दिली. तशी सवलत द्यायचा अधिकार त्यांना होता. 'त्रुटींसह स्वीकृत, पंधरा दिवसांत दुरुस्ती' असा एक जांभळा शिक्का त्यांच्या टेबलाच्या खणात असे. तो त्यांनी मारला, पण अभियंत्यानं दुरुस्ती केलीच नाही आणि परीक्षकानं वर तक्रार केली. कुलसचिव स्वतः खाली आले. खोलीतल्या आठ-दहा जणांदेखत त्यांनी विचारलं, "बाई, तुमची पट्टी रबराची आहे का?"

लोक हसले. बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. घरी आल्यावर यजमानांनाही काही सांगितलं नाही. मनाशी कानाला खडा लावला की तो जांभळा शिक्का पुन्हा खणाबाहेर काढायचा नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी सिस्टर तिसऱ्यांदा आली. तिच्या नोंदणीची मुदत, एक वर्षाची वाढ धरून, त्याच दिवशी संपत होती. वर्ग संध्याकाळी भरत, पण खिडकी चारलाच बंद व्हायची आणि ती पावणेचारला पोचली. अंगावर वॉर्डाचाच गणवेश, वरून कोट. बाईंनी पट्टी घेतली. संदर्भसूची निर्दोष झाली होती. तक्त्यांपाशी त्या थांबल्या. रकाने अरुंद केले होते, अक्षर नियमात बसेल इतकं बारीक केलं होतं, पण शेवटचा रकाना होता तसाच होता. उजवीकडे अडीचच्या जागी दोन सेंटिमीटर आणि एक रेघ.

"चार मिलिमीटर कमी आहे, सिस्टर."

"आज शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे मला. पण मी काय करणार? नियम माझे नाहीत."

सिस्टरनं खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. "दुसरा काही मार्ग नाही का? एखादा अर्ज, काही?"

बाईंचा गुडघा खणाला टेकलेला होता. हे त्यांना पुढं नेहमी आठवे. गुडघ्याला खणाची मूठ लागत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मार्ग नाही."

सिस्टर भांडली नाही, रडली नाही. तिनं दोन प्रती उचलल्या. तिसरी तशीच कठड्यावर ठेवून म्हणाली, "ही राहू दे इथंच. तीन न्यायला माझ्याकडे हात नाहीत." आणि गेली. बाईंनी ती प्रत न नेलेल्या प्रबंधांच्या कपाटात टाकली आणि चारला खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी ही हकीगत सांगितली. चार मिलिमीटर म्हणताना बोटांच्या चिमटीत अंतर करून दाखवलं. सगळ्यांनी वाहवा केली. कुलसचिवांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "आता झालात तुम्ही खऱ्या समासबाई." पुढं कितीतरी वर्षं नव्या कारकुनांना ही गोष्ट कामाचा नमुना म्हणून सांगितली जात होती, आणि बाई ती सांगू देत होत्या.

चौदा वर्षं गेली. प्रबंध संगणकावरून येऊ लागले. समास आता यंत्रच बघायचं, चुकला तर प्रबंध आपोआप परत. बाईंना निवृत्तीला सहा महिने राहिले होते. प्रबंध कक्ष बंद करून तिथं विद्यार्थ्यांसाठी बसायची जागा करायचं ठरलं आणि जुनी कपाटं रिकामी करण्याचं काम बाईंवर आलं. न नेलेल्या प्रती कापायच्या यंत्रात घालायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी तळाच्या खणात तो प्रबंध हाताला लागला. बाईंनी तो लगेच ओळखला. सवयीनं ती सतरा पानं उघडून बघितली, खरंच चार मिलिमीटर होते का म्हणून. होते. आणि पट्टी हातात नव्हती म्हणून असेल, नजर पहिल्यांदाच अक्षरांवर गेली.

शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं, 'मूल काय म्हणालं'.

मुलगी, वय पाच, डावा हात. "आधी दहा मोज."

मुलगा, वय नऊ, पाठ. "मला दिसत नाही तिथं हात लावताना बोलत राहा."

मुलगा, वय सहा, दोन्ही पाय. "हळू नको करू. सांगून कर."

मुलगी, वय आठ, मान. "आज मी काढते. तू बघ."

अशी तीनशे बारा मुलं होती. बाई कपाटासमोर फरशीवर बसल्या आणि वाचत राहिल्या. मग ती प्रत पिशवीत घालून घरी नेली. नियमाबाहेरचं असं त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच काही केलं होतं. चार दिवस लागले वाचायला. सिस्टरचं म्हणणं साधं होतं. पट्टी आधी पुरती भिजवायची, आणि मग ती मुलाला स्वतःच्या हातानं सोडवू द्यायची. वेळ दुपटीनं लागतो, पण मूल दुसऱ्या दिवशी आपल्याला बघून किंचाळत नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलांनीच सांगितलं होतं, आणि तिनं ते शेवटच्या रकान्यात उतरवून ठेवलं होतं.

"काय झालंय तुला?" यजमानांनी पाचव्या दिवशी विचारलं. "चादर तिरकी आहे आणि तुझं लक्ष नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. जांभळ्या शिक्क्याचंही सांगितलं. यजमान म्हणाले, "जाऊन भेटून ये."

रुग्णालयात कळलं की त्या सिस्टर सात वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या. पत्ता मिळाला. एका साध्या चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या भाचीकडे राहत होत्या. दार भाचीनं उघडलं. खिडकीजवळ खुर्चीत सिस्टर बसल्या होत्या, मांडीवर निवडायला घेतलेली भाजी. बोटं थरथरत होती, तरी एकेक पान नीट खुडत होत्या.

सिस्टरनी त्यांना ओळखलं नाही. बाईंनी पिशवीतून प्रबंध काढून पुढं केला, तेव्हा त्यांनी मुखपृष्ठ बघितलं आणि मग बाईंच्या हाताकडे बघितलं.

"पट्टीवाल्या तुम्ही."

"हो."

"चेहरा नाही राहिला लक्षात. पट्टी राहिली."

भाचीनं चहा ठेवला आणि आत गेली. सिस्टर सहजपणे बोलत होत्या, रागाचा मागमूस नव्हता. परिचारिकांच्या प्रशिक्षण विभागात शिकवायची जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती. पदवी नसल्यानं ती दुसऱ्या कुणाला गेली. "पुन्हा पहिल्यापासून नोंदणी करायचं बळ नव्हतं. मी वॉर्डातच राहिले. वाईट नाही झालं तसं. पण वॉर्डात काय होतं, आपल्या हाताखाली एका वेळी दोनच मुली शिकतात. त्यांच्या बदल्या होतात. नवीन येतात त्यांना घाई असते."

बाईंनी कपात बघितलं. हे बोलायचं नसतं तर त्या आल्याच नसत्या.

"सिस्टर, त्या दिवशी मार्ग होता. तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हटलं. पण पंधरा दिवसांची सवलत द्यायचा शिक्का माझ्याकडे होता. खणात होता. आठवडाभर आधी मला साहेब बोलले होते, त्या रागात मी तो काढला नाही. तुमचा काही दोष नव्हता."

सिस्टरची बोटं थांबली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल चढवत होतं, तिचे ठोके ऐकू येत होते.

"हे सांगायला नको होतं तुम्ही," सिस्टर म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हाला कळायला हवं."

"मला कशाला कळायला हवं? इतकी वर्षं मी धरून चालले होते की इलाजच नव्हता. इलाज नसला की माणूस निभावून नेतो. मीही नेलं. आता तुम्ही सांगताय, इलाज तुमच्या खणात होता." आवाज चढला नव्हता. वॉर्डात मुलांशी त्या असंच बोलत असतील, असं बाईंच्या मनात आलं. "तुमचं ओझं हलकं झालं असेल, बाई. पण ते तुम्ही इथं ठेवून चाललात."

क्षमा मागायचे शब्द बाई घरून जुळवून आल्या होत्या, ते त्यांनी उच्चारले नाहीत. सिस्टरनी प्रबंध परत त्यांच्या हातात दिला. "हा घेऊन जा. आणि चहा प्या, निवतोय."

बाईंनी तो निवलेला चहा संपवला आणि उठल्या. दाराशी भाची म्हणाली, "मावशीला मी हे सगळं कधीच विचारलं नव्हतं." त्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

स्वस्थ बसणं त्यांना जमणारं नव्हतं. कुलसचिव आता नवे होते, तरुण आणि सौम्य. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, रद्द झालेली नोंदणी जिवंत करायची तरतूदच नाही. आणि त्यांनी स्वतः तसा अर्ज कुठं केलाय?" इतकी वर्षं बाईंनी खिडकीतून लोकांना हेच सांगितलं होतं, याच शब्दांत.

मग त्या परिचर्या विभागातल्या एका प्राध्यापिकेकडे गेल्या. नोकरीतल्या परिचारिकांसाठी छोटे अभ्यासक्रम ती चालवत असे. तिनं आठवड्यात प्रबंध वाचून काढला आणि बाईंना बोलावलं.

"हे आता बऱ्याच ठिकाणी करतात, बाई. मुलाला स्वतः पट्टी सोडवू देणं वगैरे. आपल्याकडे आठ वर्षांपूर्वी बाहेरच्या पुस्तकांतून आलं."

"आठ वर्षांपूर्वी."

"हो. हा प्रबंध त्याच्या सहा वर्षं आधीचा आहे. म्हणजे सहा वर्षं हे सगळं आपल्याच कपाटात होतं."

सहा वर्षांत त्या वॉर्डात, आणि तसल्या आणखी वॉर्डांत, किती मुलं आली असतील? बाईंनी आयुष्यभर मोजण्याचंच काम केलं होतं, पण हे मोजायला त्या बसल्या नाहीत.

"मात्र मुलांचं म्हणणं असं टिपलेलं मी कुठंच पाहिलं नाही," प्राध्यापिका पुढं म्हणाली. "यावर दोन दिवसांचा अभ्यासक्रम होऊ शकतो. त्यांची परवानगी लागेल. त्यांनाच शिकवायला बोलावू या."

बाईंनी पत्र लिहिलं. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. उत्तर म्हणून भाचीचा फोन आला. "मावशी म्हणते, मुलांसाठी आहे तर खुशाल वापरा. ती येणार नाही. आणि तिचं नाव कुठं घालू नका."

"नाव का नको?" बाईंनी विचारलं.

"ते मीही विचारलं. म्हणाली, तेव्हा नको झालं होतं ना, मग आताही नको." मग भाची म्हणाली, "तुम्ही पुन्हा आलात तर ती दार लावून घेणार नाही, बाई. पण तुम्ही गेल्यावर दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून म्हटलं, सांगावं."

बाई पुन्हा गेल्या नाहीत.

त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे असताना अभ्यासक्रम झाला. निरनिराळ्या रुग्णालयांतून एकतीस परिचारिका आल्या, काही कामावरून थेट. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. बाईंचा तिथं काही संबंध नव्हता. हजेरीचे कागद देण्याच्या निमित्तानं त्या गेल्या आणि मागच्या बाकावर बसून राहिल्या. प्राध्यापिकेनं मुलांची वाक्यं एकेक करून वाचून दाखवली. इथं नेहमी पेंगणारी माणसं असतात, त्या दिवशी कुणी पेंगलं नाही. 'हळू नको करू, सांगून कर' हे ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या एका प्रौढ सिस्टरनं चष्मा काढून पुसला आणि तो हातातच धरून ठेवला.

मधल्या सुट्टीत एक तरुण परिचारिका प्राध्यापिकेपाशी आली. "मॅडम, हे लिहिलं कुणी? कागदावर नाव नाही."

प्राध्यापिकेनं मागं बघितलं. तिची नजर धरून ती मुलगी बाईंकडे वळली.

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"एक सिस्टर होत्या," बाई म्हणाल्या. "वॉर्डात काम करायच्या."

"आहेत का त्या? मला भेटायचं होतं. आमच्याकडे एक मुलगा आहे, काही केल्या हात लावू देत नाही. त्यांना विचारलं असतं."

बाईंच्या ओठांवर पत्ता आला होता. तिसरा मजला, खिडकीजवळची खुर्ची, सगळं.

"आहेत," त्या म्हणाल्या. "पण आता त्यांना कुणी भेटलेलं नको आहे."

"का हो?"

"ते माझ्यामुळं," बाई म्हणाल्या. मुलीला काही उमगलं नाही. पण बाईंचा चेहरा बघून तिनं पुढं विचारलं नाही. चहाचे कप गोळा करणाऱ्या बाईला वाट देत ती बाजूला झाली आणि आपल्या जागेवर जाऊन वहीत काहीतरी लिहू लागली.